वेळपेटीला नाव सापडेना

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला घड्याळांच्या कारखान्यात परीक्षा मंडळाचं पत्र आलं. पत्रात कुठेही आरडाओरडा नव्हता, म्हणूनच मालकांना घाम फुटला.

'आपल्याकडून घेतलेली एकशे साठ घड्याळं रविवारी एकशे साठ वर्गांत लावली. सोमवारी पेपर सात मिनिटं उशिरा सुरू झाला व सात मिनिटं उशिरा संपला. परीक्षार्थींची तक्रार नाही. तक्रार आमची आहे.'

दुसरे कारखाने नुसतं घड्याळ विकत; सेल घालून वेळ लावायची ती गिऱ्हाइकाने. हा कारखाना चालू घड्याळ विकत असे, सेकंदापर्यंत बरोबर. खोक्यातून काढायचं आणि खिळ्याला अडकवायचं, बस. हे जमे ते वेळपेटीमुळे. घड्याळं जोडण्याच्या लांबलचक ओळीच्या शेवटी भिंतीला लावलेली ही चपलांच्या खोक्याएवढी करडी पेटी. आत संगणक, बाहेर इवलासा पडदा आणि दोन बटणं. रोज सकाळी सव्वाआठला ती इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला वेळ विचारी, स्वतःची वेळ जुळवून घेई आणि मग दिवसभर समोर येणाऱ्या प्रत्येक घड्याळाचे काटे त्याप्रमाणे फिरवून देई.

सकाळची ही विचारणा करणारी स्क्रिप्ट, म्हणजे पेटीने क्रमाने काय काय करायचं याची संगणकाला कळेल अशी यादी, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलीने लिहिली होती. सगळे तिला स्क्रिप्टवाली म्हणत. तिच्या उमेदवारीचे सहा महिने नेमके आज संपत होते. मालकांच्या टेबलावर तिच्या नावाचे दोन कागद टाइप होऊन पडले होते, एक कायम केल्याचा आणि एक कमी केल्याचा. दोन्हींवर सही नव्हती.

मालकांनी तिला वर बोलावलं.

"पेटी काय म्हणते?"

"पडद्यावर आलंय, 'नाव सापडलं नाही'."

"कुणाचं नाव?"

"वेळेच्या सर्व्हरचं."

"हरवलं?"

"हरवलं नाही साहेब. माझ्या लॅपटॉपवर सापडतं. पेटीलाच सापडत नाही."

"कधीपासून?"

"मी शुक्रवार-शनिवार रजेवर होते. काल दिवसभर तुम्ही मला बिलांच्या प्रिंटरवर बसवलं होतंत. पण पेटी रोजची नोंद लिहून ठेवते. बघून सांगते."

ती खाली गेली आणि पाच मिनिटांत वर आली. जाताना तिच्या चेहऱ्यावर जो रंग होता तो येताना नव्हता.

"गुरुवारपर्यंतच्या नोंदी आहेत. शुक्रवारपासूनच्या गायब आहेत. एकही नाही. म्हणजे कुणीतरी..."

मालकांनी कमी केल्याचा कागद जवळ ओढला.

"संध्याकाळी पाचपर्यंत हा 'कुणीतरी' कोण ते सांग. नाही सापडला, तर तो तू."

२

मंगळवार हा आत्यांचा दिवस. त्या मालकांच्या सख्ख्या आत्या. कारखान्यात भागीदार असल्यामुळे आठवड्याच्या सह्या करायला येत आणि सह्या दहा मिनिटांत उरकत, त्यामुळे उरलेला दिवस कारखान्याला जपून राहावं लागे.

आत्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात चौकशीला काढली होती. लोक नाव सांगत, त्या नंबर सांगत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी फोन उचलल्यावर त्या 'हॅलो' म्हणत नसत, 'नाव सांगा' म्हणत. दोन वर्षांपूर्वी कँटीनमधले चमचे कोण पळवतं याचा छडा त्यांनीच लावला होता. चमचे कुणी पळवत नव्हतं. ते कधी आणलेच नव्हते.

जिन्यात त्यांना स्क्रिप्टवाली भेटली. ती रडत नव्हती, पण त्या दिशेने निघाली होती.

"काय गं?"

मुलीने सांगितलं. आत्यांनी सह्यांची फाइल तिच्याच हातात दिली आणि दोघी पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला अडाणी समजून सांग," आत्या म्हणाल्या. "पेटी वेळ विचारते ती कुणाला?"

"सर्व्हरला. त्याचं नाव स्क्रिप्टमध्ये लिहिलंय."

"आणि नुसत्या नावावर त्याच्यापर्यंत पोचता येतं?"

"नाही ना. नावावरून आधी त्याचा नंबर काढावा लागतो. त्यासाठी नेटवर्कवर वेगळी सेवा असते. तिला नाव सांगायचं, ती नंबर सांगते. मग त्या नंबरवर जाऊन वेळ विचारायची."

आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अगं, ही तर मी."

"हो," मुलगी जरा विचार करून म्हणाली. "तुम्हीच."

"म्हणजे मी तुझ्या लॅपटॉपला नंबर देते आणि पेटीला देत नाही. नाव तेच?"

"अक्षर न् अक्षर तेच. उचलून तिथे डकवलंय. मग वाटलं सर्व्हरच बंद असेल, म्हणून आणखी तीन सर्व्हरची नावं दिली. तीही सापडत नाहीत."

"एकाच घरातून फोन करून चार जणांचे नंबर विचारले आणि चारही मिळाले नाहीत, तर ते चौघे काही एका दिवशी गाव सोडून गेलेले नसतात. घोळ त्या घरातच असतो." आत्या पडद्यापाशी वाकल्या. पडद्यावर एका कोपऱ्यात तास आणि मिनिटं होती, दुसऱ्या कोपऱ्यात ते सापडत नसलेलं नाव. बाकी जागाच नव्हती. "दहा चौतीस. माझ्यात दहा एक्केचाळीस."

"सात मिनिटं मागे. परीक्षेसाठी शुक्रवारी बनवलेल्या घड्याळांइतकीच."

"तेच तर. आपोआप मागे पडली असती तर रोज थोडी थोडी पडली असती, आज जास्त दिसली असती. एकदाच सात मिनिटं घसरायचं आणि नंतर शहाण्यासारखं वागायचं, हे यंत्राचं काम नाही. हे माणसाने केलंय." त्यांनी बोट दाखवलं. "ही बटणं कशाची?"

"एक वेळेचं, एक तारखेचं. अडीअडचणीला हाताने लावायला."

"ती कोण दाबू शकतं?"

मुलीने कारखान्यावर नजर फिरवली. ओळीवर चाळीस माणसं काम करत होती.

"ज्याला बोट आहे तो," ती म्हणाली.

३

आत्यांनी चौकशी पॅकिंगपासून सुरू केली, कारण तिथे बसायला खोकी होती.

पॅकिंगच्या ताई बावीस वर्षं एकाच जागी उभ्या होत्या. बोलताना त्यांचे हात थांबत नसत. खोकं, घड्याळ, झाकण, पट्टी.

"शुक्रवारी सकाळी काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"पेटीवर ते नावाचं आलं. मी म्हटलं, हे काही रोजचं नाही. ओळ सुरू करायच्या आधीच वर कळवलं."

"वर म्हणजे कुणाला?"

ताईंनी छताकडे पाहिलं. "वर."

"आणि वरून काय आलं?"

"जे येतं ते." खोकं, घड्याळ, झाकण. "आत्या, माझी नोकरी अजून तीन वर्षं आहे."

"बरं बरं. मी काही विचारलंच नाही."

"मग मीही काही सांगितलं नाही," ताई म्हणाल्या आणि पट्टी दाताने तोडली.

नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वायरभाऊ म्हणत. तो खुर्चीखाली सापडला. खुर्चीखाली काही बिघडलेलं नव्हतं, त्याला पत्राबद्दल कळलं होतं.

"बाहेर ये रे," आत्या म्हणाल्या. "बुधवारी तू पेटीत काहीतरी बदललंस, असं ही म्हणते."

"बदललं. कबूल. पण गुरुवारी सकाळी पेटीने झकास वेळ विचारून घेतली. नोंद आहे! मी केलं असतं तर गुरुवारीच अडलं असतं ना?"

"काय बदललंस तेवढं सांग."

वायरभाऊ बाहेर येऊन त्याच खुर्चीवर बसला. "आधी काय होतं, चौकशीवाली जो नंबर सांगेल तो पेटी मुकाट्याने घ्यायची. मधल्यामध्ये कुणी भामटा घुसला आणि त्याने खोटा नंबर सांगितला, तरी घ्यायची."

"माझ्या वेळी असं कधी झालं नाही."

"तुम्ही होतात, म्हणून. आता काळ वाईट आहे. म्हणून मी पेटीला शिकवलं, प्रत्येक उत्तरावर शिक्का बघायचा. शिक्क्यावर मुदत असते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, फार तर दोन-तीन आठवडे. शिक्का नसला किंवा मुदतीबाहेरचा असला, तर उत्तर फेकून द्यायचं."

"फेकून दिल्यावर पेटी काय म्हणते?"

"म्हणते, नाव सापडलं नाही."

"नंबर मिळाला होता पण मला पटला नाही, असं नाही म्हणत?"

"तेवढी बोलकी नाही ती."

एकतीस वर्षांत आत्यांनी कुणाला नंबर दिला आणि त्याने तो ऐकून कचऱ्यात टाकला, असं किती वेळा झालं असेल, याचा त्या हिशेब करत असाव्यात.

"हिच्या लॅपटॉपवर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तोच शिक्का, तीच तपासणी. मीच घातलीय," वायरभाऊ म्हणाला. "आणि तिथे शिक्के खरे ठरतात. डोकं चालेनासं झालंय माझं. असं करू का, पेटीतली तपासणी काढूनच टाकतो. दोन मिनिटांत नाव सापडेल."

"नको!" स्क्रिप्टवाली पहिल्यांदाच जोरात बोलली. "नाव सापडेल, पण का सापडत नव्हतं ते कधीच कळणार नाही. आणि पाच वाजता मी घरी जाईन."

वायरभाऊने हात मागे घेतला. आत्यांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

"खरा शिक्का," त्या पुटपुटल्या, "एकीला खरा वाटतो आणि दुसरीला खोटा. मग शिक्क्याचं काही चुकलेलं नाही. बघणारीचं चुकलंय. पण काय?"

४

मालकांचे मेहुणे कारखान्याचा कॅटलॉग बघत. त्यांच्या केबिनच्या दारावरही 'मेहुणे' एवढंच लिहिलं होतं आणि नव्या माणसांना ते आडनाव वाटे. आत्यांनी त्यांना एक वाजता डबा घेऊन बोलावलं.

ते एक वाजून सात मिनिटांनी आले.

"अगदी ठोक्याला!" मनगटाकडे बघत ते म्हणाले आणि डबा उघडून बसले. "काय हो आत्या, म्हणे त्या पोरीची गच्छंती? वाईट वाटतं. हुशार आहे. पण संगणकावर इतका विश्वास ठेवू नये माणसाने."

"कॅटलॉग कुठवर आला?"

हा प्रश्न मेहुण्यांना गेल्या चार वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी हात धुतले, केबिनमधून मोठाले छापील कागद आणले आणि डब्याच्या झाकणावर पसरले. प्रत्येक पानावर घड्याळं होती. गोल, चौकोनी, एक उगीचच मासोळीच्या आकाराचं. सगळ्यांत एकच वेळ होती.

"दहा वाजून दहा मिनिटं," स्क्रिप्टवाली म्हणाली.

"नियमच आहे तो! जगात कुठेही जा, विकायच्या घड्याळाचा फोटो दहा-दहालाच. दोन्ही काटे वर, चेहरा हसरा, मधलं कंपनीचं नाव मोकळं. साडेसहाचा फोटो काढून बघा, घड्याळ आजारी दिसतं."

आत्यांनी शेवटचं पान उचललं. त्यावर नवीन मॉडेल होतं, काट्यांखाली तारखेची खिडकी असलेलं. बाजारात यायचं होतं, अजून ओळीवर आलेलं नव्हतं.

"यात एक जानेवारी दिसतेय."

"पुढच्या वर्षाचा कॅटलॉग ना! त्यात सप्टेंबर दिसला तर गिऱ्हाइकाला वाटेल शिळं घड्याळ दिलं. साल बघा, तेसुद्धा पुढचंच आहे. मी बारकाव्यांचा माणूस आहे."

"फोटो कधी काढलेत?"

"गुरुवारी संध्याकाळी. ओळ सुटल्यावर, ओळीवरच. तिथला उजेड चांगला."

"चोवीस घड्याळं," आत्या पानं मोजत म्हणाल्या, "आणि सगळ्यांचे काटे केसभरसुद्धा इकडेतिकडे नाहीत. हाताने लावलीत?"

मेहुण्यांचा घास हातातच राहिला.

"माझी एक पद्धत आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डबा बंद केला, अर्धी भाजी तशीच ठेवून, आणि फोन आल्यासारखं करून निघून गेले. फोन टेबलावरच राहिला होता.

५

"मेहुण्यांनी पेटीला हात लावला, हे उघड आहे," स्क्रिप्टवाली म्हणाली. पावणेचार वाजले होते, तिच्या लॅपटॉपमध्ये. "पण तेवढ्याने काही सुटत नाही आत्या. समजा त्यांनी दहा-दहा लावले आणि नंतर परत वेळ लावताना सात मिनिटं चुकवली. ठीक. पण सकाळी पेटीने नवीन वेळ विचारून घेतलीच असती. तिला नाव का सापडत नाही? आणि नोंदी कुणी उडवल्या? पाच वाजता साहेब हेच विचारणार."

आत्या पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या.

"आमच्याकडे कधीकधी चौकशीची लाइनच लागायची नाही," त्या म्हणाल्या. "लोक तासन् तास फोन फिरवत बसायचे. एकदा माझ्याच भावाने तक्रार केली, तुमची चौकशी लागत नाही म्हणून मला तुला फोन करता आला नाही. मी म्हटलं, अरे, माझा नंबर तुला पाठ आहे ना?"

मुलगी वळली.

"त्या वेळेच्या सर्व्हरचा नंबर तुझ्याकडे आहे का?"

"लॅपटॉपवर निघेल. पण स्क्रिप्टमध्ये थेट नंबर कधीच लिहायचा नसतो. सर्व्हरवाले नंबर बदलतात. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय, नाव लिहा, नंबर लिहू नका."

"लिहू नकोस. नुसतं एकदा विचार. आणि हे बघ, वेळ लावून घ्यायची नाही. किती वाजले ते विचारायचं आणि फरक किती ते सांगायचं. बस."

मुलीने लॅपटॉपवर नंबर काढला, पेटीला जोडलेल्या कळफलकावर तो टाइप केला आणि शेवटची कळ दाबली. चौकशीवालीला वगळून पेटी थेट सर्व्हरकडे गेली. उत्तर क्षणात आलं.

मुलीने ते वाचलं. मग पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"मोठ्याने," आत्या म्हणाल्या.

"पेटीची वेळ पुढे आहे," मुलगी म्हणाली. "एकशे चार दिवस, तेवीस तास, त्रेपन्न मिनिटं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं, म्हणजे ती सात मिनिटं मागे नाहीच," आत्या सावकाश म्हणाल्या. "ती एकशे पाच दिवस पुढे आहे. सात मिनिटं कमी."

मुलगी आधीच नोंदींच्या कप्प्यात शिरली होती. पेटी दर वर्षाचा वेगळा कप्पा करत असे. या वर्षाच्या कप्प्याखाली, अजून उगवलेल्या नसलेल्या वर्षाचा एक कप्पा तयार होता. त्यात पाच नोंदी होत्या, दोन जानेवारीपासून सहा जानेवारीपर्यंत, नीटनेटक्या. प्रत्येकीत तीच चार वाक्यं होती. नाव सापडलं नाही. नाव सापडलं नाही. नाव सापडलं नाही. स्वतःच्या वेळेवर पुढे चालले आहे.

"कुणी उडवल्याच नाहीत," मुलगी म्हणाली. "मी सप्टेंबरात शोधत होते."

"सगळ्यांना साडेचारला वर बोलाव," आत्या म्हणाल्या. "मेहुण्यांना चार तेवीसची वेळ दे."

६

चार वाजून तीस मिनिटांनी मालकांच्या केबिनमध्ये सगळे हजर होते. मेहुणेसुद्धा, आणि लवकर बोलावल्याबद्दल जरा नाराज. पॅकिंगच्या ताई दाराशी उभ्या होत्या, कारण त्यांना उभं राहायची सवय होती.

"गुरुवारी संध्याकाळी," आत्या म्हणाल्या, "कॅटलॉगसाठी चोवीस घड्याळं दहा-दहावर आणायची होती. ती पेटीकडून फिरवून घेतली, कारण पेटी केसभर चुकत नाही. नव्या मॉडेलला तारीखही पेटीच पुरवते, म्हणून तीही बदलली. एक जानेवारी, पुढचं साल. बरोबर ना, मेहुणे?"

"पण मी वेळ परत लावली!" मेहुणे उसळले. "माझ्या मनगटावरचं बघून, चोख!"

"तुमचं मनगट सात मिनिटं मागे आहे."

"ते मुद्दाम आहे. डॉक्टर म्हणाले, धावपळ करू नका. मी घड्याळ सात मिनिटं मागे केलं. तेव्हापासून मला एकदाही उशीर झालेला नाही."

वायरभाऊने स्वतःचं घड्याळ तपासून घेतलं.

"आणि तारीख?" आत्यांनी विचारलं.

"तारीख कशाला? ओळीवरच्या घड्याळांना तारीख असते का? शिवाय सकाळी पेटी स्वतःच विचारून घेते ना सगळं! सहा महिने घेतेय. मी काही लावलं नसतं तरी चाललं असतं. उलट मी जास्तीचं काम केलं."

"तेही खरं आहे," आत्या म्हणाल्या. "शुक्रवारी सव्वाआठला पेटीने विचारलं. आधी चौकशी, नावावरून नंबर. नंबर मिळाला. त्यावर शिक्काही होता, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. पण पेटीच्या लेखी ती दोन जानेवारी होती. ती म्हणाली, हा शिक्का तीन महिन्यांपूर्वीच बाद झालाय, हा कुणीतरी भामटा आहे. नंबर फेकला. तीनदा विचारलं, तीनदा फेकला. हिच्या लॅपटॉपवर सप्टेंबर होता, तिथे तोच शिक्का चालला." त्या थांबल्या. "पेटीची वेळ चुकली होती म्हणून तिला वेळ विचारता येईना, आणि वेळ विचारता येईना म्हणून चुकलेली वेळ सुधारेना."

वायरभाऊने कपाळावर हात मारला. आवाज बऱ्यापैकी झाला.

मालक खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे चूक मेहुण्यांची."

"भाऊजी," मेहुणे शांतपणे म्हणाले, "ताईला फोन लावू का? तिच्यासमोरच बोलू."

मालकांच्या बायकोचा या घरात आणि कारखान्यात काय दरारा होता, ते मालकांच्या मानेने सांगितलं. ती मान वायरभाऊकडे वळली.

"म्हणजे चूक याच्या शिक्क्यांची."

"साहेब, शिक्के बघायला तुम्हीच सांगितलंत. लेखी आहे."

मालकांची मान आणखी वळली आणि जिथे थांबली तिथे स्क्रिप्टवाली उभी होती.

"मेहुण्यांनी हात लावला, मान्य. पण नाव सापडलं नाही तर स्क्रिप्टने थांबायला नको? 'स्वतःच्या वेळेवर पुढे चालले आहे' म्हणजे काय? हे कुणी लिहिलं? हिनेच ना?" त्यांनी कमी केल्याचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "खरी चूक इथे आहे."

"आधी ती थांबत होती," मुलगी म्हणाली. "पहिल्या महिन्यात. एकदा सकाळी नेट गेलं आणि ओळ वीस मिनिटं उभी राहिली. तुम्ही मला बोलावून सांगितलंत, ओळ कधीच थांबली नाही पाहिजे, पेटीला सांग स्वतःच्या वेळेवर चाल. मी विचारलं, आणि तिची वेळ चुकीची असली तर? तुम्ही म्हणालात, घड्याळाच्या कारखान्यात वेळ चुकत नसते."

"मी असं म्हणालो?"

"मी नंतर तेच वाक्य स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलं. बदल का केला, ते लिहायची पद्धत आहे. तारीखही आहे."

"ते एक झालं," मालक म्हणाले. पेन अजून हातात होतं. "पण शुक्रवारी पडद्यावर स्पष्ट आलं होतं. तेव्हा कुणीतरी मला कळवायला..."

"कळवलं होतं," दाराशी आवाज आला.

पॅकिंगच्या ताईंचे हात आज पहिल्यांदाच रिकामे होते आणि त्यांना ते कुठे ठेवावे ते समजत नव्हतं.

"आठ वीसला मीच फोन केला. म्हटलं, पेटीवर काहीतरी आलंय, ओळ सुरू करू की थांबू? तुम्ही म्हणालात, आभाळ कोसळलं तरी ओळ सुरू झाली पाहिजे."

"तेव्हा किती घड्याळं झाली होती, ताई?" आत्यांनी विचारलं.

"एकही नाही."

मालकांनी पेनाचं टोपण शोधलं. ते त्यांच्या दुसऱ्या हातातच होतं.

आत्यांनी दोन्ही कागद त्यांच्यासमोर नीट शेजारी शेजारी ठेवले. आता त्यांचा आवाज भागीदाराचा नव्हता, आत्याचा होता.

"बाळ, मेहुण्यांना वाटलं पेटी बघून घेईल. पेटीला वाटलं ओळीवरची माणसं बघून घेतील. ताईंना वाटलं तू बघशील. तुला कुणी काही बघायला नको होतं, नुसती ओळ चालायला हवी होती. 'मला वेळ माहीत नाही' असं या सगळ्या कारखान्यात एकटी पेटी खरं बोलली. पाच वाजायला तेरा मिनिटं आहेत. कर सही."

मालकांनी कमी केल्याचा कागद उचलला, चौपदरी घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या कागदावर सही करून तो मुलीपुढे सरकवला.

मुलीने तो घेतला नाही.

"एक ओळ वाढवायची आहे, साहेब. नाव सापडलं नाही, तर पेटी थांबणार. ओळ थांबणार. आणि मी हो म्हटल्याशिवाय सुरू होणार नाही. तुमचा फोन आला तरी."

"कायम करतोय ना तुला! आता अटी कसल्या?"

"नाहीतर पुढच्या वेळीही चूक माझीच असेल. मग कायम होऊन काय करू?"

मालकांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं. मालकांनी पेन मुलीच्या हातात दिलं. तिने ती ओळ लिहिली, त्यांनी खाली पुन्हा सही केली.

७

मेहुण्यांना शिडी आणि आत्यांचं मनगटी घड्याळ देऊन परीक्षा मंडळाकडे पाठवण्यात आलं. एकशे साठ वर्ग, प्रत्येकी सात मिनिटं. त्यांच्या ताईला फोन आत्यांनीच केला. त्या फोनवर काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण मेहुणे शिडी घेऊन गेले ते धावत. पेटीच्या बटणांवर कुलूपवालं झाकण बसलं आणि वायरभाऊने पेटीला मुदत संपलेला शिक्का दिसल्यास तसं सांगायला शिकवलं. आता ती थोडी बोलकी झाली होती.

तीन आठवडे रोज सव्वाआठला नाव सापडत राहिलं. चौथ्या आठवड्यात एका बुधवारी रस्ता खोदणाऱ्यांनी खोदता खोदता एक केबल तोडली. पेटीवर आलं, 'नाव सापडलं नाही. थांबले आहे.'

ओळ उभी राहिली. चाळीस माणसं हाताची घडी घालून बसली. स्क्रिप्टवाली आणि वायरभाऊ दुसरी लाइन जोडायला टेबलाखाली शिरले होते, दोघांचे फक्त पाय दिसत होते.

साडेआठला मालक जिन्यावरून खाली आले. उभी ओळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. तोंड उघडलं. चाळीस माणसांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

पॅकिंगच्या ताईंनी एक रिकामं खोकं उलटं करून पायाने पुढे सरकवलं. मालक त्यावर बसले.

"किती वेळ लागेल?" त्यांनी टेबलाखाली विचारलं.

"सांगता येत नाही साहेब," टेबलाखालून उत्तर आलं.

मालकांनी मान हलवली. एक पाय हलवायला सुरुवात केली, मग ताईंनी बघितलं म्हणून तोही थांबवला. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुपारच्या मालाचं गिऱ्हाईक होतं. मालकांनी एकदा टेबलाखालच्या पायांकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"हो, आज माल उशिरा येईल," ते म्हणाले. "का म्हणजे? किती वाजले ते आम्हाला माहीत नाही."